पंचवीस टक्के आणि आमच्या शाळेचा पट



आज पाठ नाही, उपक्रम नाही. एक प्रसंग सांगते आणि त्यावरून मनात जे चाललंय ते तुमच्यापुढे ठेवते.

एप्रिल २०२४. सकाळची शाळा सुटली होती. मी पोषण आहाराची नोंदवही लिहीत बसले होते. शाळेमागच्या वस्तीतल्या एक ताई आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात आधार, रेशनकार्ड, जन्मदाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. म्हणाल्या, "मॅडम, धाकटीचा आरटीईचा फॉर्म तेवढा भरून द्या. बाहेर पैसे घेतात." त्यांचा थोरला माझ्याच वर्गात, तिसरीला. धाकटीला मात्र इंग्रजी शाळेत घालायचं होतं.

आता गंमत बघा. मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. माझ्याच शाळेत येऊ शकणाऱ्या मुलीचा दुसरीकडे जाण्याचा फॉर्म मीच भरायचा. पण असे फॉर्म मी दरवर्षी भरते. नाही म्हणवत नाही.

लॅपटॉप उघडला, माहिती भरली, शाळांची यादी आली. त्यात पहिलंच नाव आमच्या शाळेचं! पुढे गावातली अनुदानित शाळा. त्यांना हवी असलेली इंग्रजी शाळा यादीतच नाही. ताई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "ही तर तुमचीच शाळा. हिच्यात यायला फॉर्म कशाला लागतोय?"

मला उत्तर देता आलं नाही.

झालं होतं असं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(ग) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या असतात. आठवीपर्यंत त्या मुलांची फी शासन शाळेला देतं. शाळेची प्रत्यक्ष फी किंवा सरकारी शाळेत एका मुलामागे होणारा खर्च, यातली जी रक्कम कमी असेल ती. आपल्याकडे हा दर वर्षाला १७,६७० रुपये ठरलेला. ९ फेब्रुवारी २०२४ ला शासनाने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. आमच्या गावात एक किलोमीटर म्हणजे एसटी स्टँडपासून ओढ्यापर्यंत. सगळंच त्यात आलं.

खरं सांगू का, ही बातमी आली तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. मुख्याध्यापक सर म्हणाले, "चला, आता पट वाढणार." आमचा पट तेव्हा ६३. पहिली ते चौथी, शिक्षक तीन. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून तिसरा, हा हिशोब तुम्हाला पाठ आहेच. म्हणजे तीन मुलं गेली की तिसरं पद धोक्यात. आणि तिघांत सेवाकनिष्ठ मी. ३० सप्टेंबर जवळ आला की मला झोप लागत नाही, हे अतिरिक्त ठरून समायोजनाला जाऊन आलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि सरकारचं म्हणणं वरवर तरी पटण्यासारखंच होतं. आपल्या शाळेत वर्ग रिकामे, शिक्षकांना पगार चालू, मग शेजारच्या खासगी शाळेला मुलामागे पैसे का द्यायचे? खासगी शाळावालेही खूश नव्हतेच, प्रतिपूर्ती वर्षानुवर्षं थकते म्हणून त्यांची ओरड.

डी.एड. ला बरोबर असलेली माझी एक मैत्रीण आता अमेरिकेत असते. ती सांगत होती, तिकडे हाच वाद चार्टर शाळांवरून चालतो. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला. पैसा सरकारी, फी नाही, चालवणारे वेगळे, जागा कमी पडल्या की सोडत. पालक म्हणतात आम्हाला निवड हवी. सरकारी शाळांचे शिक्षक म्हणतात, मूल गेलं की त्याच्यामागचा पैसा जातो, पण खर्च तेवढा कमी होत नाही. हे मला लगेच कळलं. आमच्या पहिलीतून एक, दुसरीतून एक, तिसरीतून एक मूल गेलं तर वर्ग काय कमी होतात? फळा तोच, लाईटबिल तेच, शिकवणारी माणसं मात्र एकाने कमी. उरलेल्या ६० जणांचं काय? फरक एवढाच, की आपल्याकडे ती खासगी शाळा बाकीच्या मुलांकडून फी घेते आणि आपलं मूल त्यांच्यात एका कोपऱ्यात जाऊन बसतं.

इतकं असूनही, त्या ताईंच्या प्रश्नानंतर मला तो नियम चुकीचाच वाटायला लागला. पैसे असलेल्या पालकाला एक किलोमीटरची अट नाही. अट फक्त गरिबाच्या मुलीला. आमच्या शाळेत मुलं यावीत, पण दुसरं दार बंद केलं म्हणून आलेल्या मुलांवर पट टिकवायचा, यात आमचा कसला मान?

माझा मुलगा कुठे शिकतो, हे तुम्ही विचारणारच. तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. मिस्टरांची नोकरी तिथे, हे कारण मी सगळ्यांना सांगते. दुसरं कारण भीती. तीच भीती त्या ताईंना वाटते, तर मी त्यांना कोणत्या तोंडाने अडवू?

६ मे ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या नियमाला स्थगिती दिली. पुन्हा फॉर्म भरला. १९ जुलैला नियमच रद्द झाला, मग सोडतीचा निकाल लागला आणि धाकटीचा नंबर लागला. तोवर महिनाभर ती आमच्याच पहिलीत बसत होती. 'क' काढायला शिकली होती. दाखल खारिज रजिस्टरला नोंद करताना सर काही बोलले नाहीत. मीही नाही.

त्या सप्टेंबरला पट भरला ६१.

ताईंना मी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या होत्या. पुस्तकं-गणवेशाचे पैसे मागितले तर आधी मला येऊन सांगा, आणि नववीपासून पूर्ण फी तुम्हालाच भरावी लागेल. पहिली गोष्ट दिवाळीच्या आधीच घडली. सहलीचे, डायरीचे, कसल्याशा ॲक्टिव्हिटीचे पैसे. मी अर्ज लिहून दिला, त्यांनी तो दिलाच नाही. "पोरीला मागं बसवतील मॅडम," म्हणाल्या. दुसऱ्या गोष्टीवर त्यांचं म्हणणं, "नववीचं तवा बघू."

थोरल्याला मात्र त्यांनी हलवला नाही. तो चौथी आमच्याकडेच शिकला. संध्याकाळी बहिणीला मराठीचं वाचन तोच घ्यायचा. ती शनिवारी तिची शाळा नसली की त्याच्यामागून आमच्याकडे येऊन बसायची. हजेरीत तिचं नाव नव्हतं, खिचडी मात्र मिळायची. हे कुणाला सांगू नका.

आता परत फॉर्मचे दिवस येतील. यंदा तीन पालकांनी आधीच विचारून ठेवलंय. लॅपटॉपचं चार्जर तेवढं बिघडलंय, ते या रविवारी तालुक्याला गेले की बघते.