अर्धा गुण

आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 च्या जुलैत महिला विश्वचषक जिंकला, तो शेवटचा डाव सगळ्यांच्या लक्षात आहे. मला मात्र 26 जुलैचा, बरोबरीत सुटलेला पहिला डाव जास्त आठवतो.

जॉर्जियातलं बाटुमी शहर. समोर कोनेरू हम्पी. दिव्या 19 वर्षांची, हम्पी बरोबर दुप्पट, 38 ची. पांढरी मोहरी दिव्याकडे. तिने सुरुवातीलाच अशी पकड घेतली की संगणकाचा कौल सरळ तिच्या बाजूने गेला. पण नेमकी खेळी निसटली आणि हम्पीने डाव सावरला. दोघींना अर्धा-अर्धा गुण.

नातू म्हणाला, "काय आजोबा, काहीच झालं नाही!"

काहीच कसं झालं नाही? हम्पी 2002 साली, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. तेवीस वर्षांनंतरही ती अडचणीतला डाव सोडत नाही, हे काहीच नाही? दुसऱ्या दिवशीही बरोबरी. 28 तारखेला जलद डाव, त्यातलाही पहिला बरोबरीत. मग काळ्या मोहऱ्यांनी दिव्या जिंकली आणि ग्रँडमास्टरही झाली. त्या तीन बरोबऱ्यांबद्दल पेढे कोणी वाटले नाहीत. असो.

बुद्धिबळात बरोबरीच्या वाटा तरी किती! तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते. राजाला शह नाही, पण नियमात बसेल अशी एकही खेळी उरली नाही, तरी बरोबरी. हरता हरता माणूस अशी एखादी वाट शोधतो, ते बघायला मला फार आवडतं.

हल्ली आमच्या घरीही बरोबरीला मान आहे. हिला कंपवात होऊन चार वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. डॉक्टर हिला बोटं जुळवायला लावतात, चालून दाखवायला सांगतात आणि म्हणतात, "मागच्या वेळेसारखंच आहे." शेजारी विचारतात, म्हणजे फरक नाही का? नाही ना! त्या दिवशी येताना आम्ही रसवंतीवर थांबतो. हिच्यासाठी अर्धाच ग्लास, म्हणजे सांडत नाही.

परवा हिने दारात रांगोळी काढली. ठिपक्यांच्या दोन ओळी वाकड्या आल्या. मी मुद्दाम मागच्या दिवाळीचा फोटो काढून पाहिला. तेव्हाही दोनच होत्या.