पोकळीचे भाडे

बदलीच्या प्रवासभत्त्याची बिले तपासण्यात माझी दिल्लीतील अकरा वर्षे गेली. माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊ लागला की त्याच्या संसाराचे सरकारी माप किलोग्रॅममध्ये होते, हे मला आता मुखोद्गत झाले आहे. माझ्या श्रेणीच्या लिपिकाला दीड हजार किलो, वरच्या अधिकाऱ्यांना सहा हजार. भांडी, पुस्तके, देव्हारा आणि मुलांची सायकल, सारे त्यात बसवावयाचे. रोज हे आकडे पाहून पाहून, ओझ्याचे खरे माप वजन हेच, अशी माझी भाबडी समजूत झाली होती. ती चार टायरांनी दूर केली.

त्याचे असे झाले. माझ्याजवळ २००९ सालची एक मारुती आठशे होती. एका सहकाऱ्याकडून मी ती घेतली तेव्हाच ती प्रौढ झालेली होती. दिल्लीत पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा घालणारा हरित न्यायाधिकरणाचा आदेश २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला होता, आणि त्यानुसार २०२४ मध्ये माझ्या गाडीची घटका भरली. मोडीत घेणाऱ्याने किंमत केली ती लोखंडाची. रबराला त्याच्या लेखी मोल नव्हते. टायर मात्र जेमतेम वर्षाचे होते. प्रत्येकाच्या अंगावर १८२३ असे चार आकडे उमटलेले, म्हणजे २०२३ सालच्या अठराव्या आठवड्यातला जन्म. मी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून चार गुळगुळीत टायरांची चाके आणून गाडीखाली घातली, तिला निरोप दिला आणि आपली चारही चाके सज्जात आणून ठेवली.

सांगलीला अण्णांची गाडी याच जातीची, २००३ सालची. कोषागारातून लेखापाल म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने ती जशी जपावी तशी त्यांनी जपलेली आहे. मात्र तिचे टायर इतके झिजले आहेत की खाचांची खोली आता मिलिमीटरभरही उरली नसावी, कायदा १.६ मागतो. तशाच टायरांवर अण्णा दरवर्षी आंबा घाट उतरून कुलदैवताला जातात. गेल्या पावसाळ्यात घाटात गाडी एकदा आडवी फिरली, हे आईने मला अण्णा अंघोळीला गेले असताना फोनवर सांगितले. मी तत्काळ नव्या टायरांचे पैसे पाठवू म्हटले. "पैसे पाठवू नकोस. माझे पेन्शन पुरते," एवढेच उत्तर आले. सांगलीत नवे चार टायर नऊ-साडेनऊ हजारांना मिळतात. ती रक्कम अण्णांनी माझ्याकडून कधीही घेतली नसती. पण पडून राहिलेली वस्तू वाया जाऊ देणे त्यांच्या स्वभावात नाही. तेव्हा टायरच पाठवावयाचे, असे मी ठरविले आणि खर्चाचा अंदाज काढावयास बसलो.

टायरवर लिहिलेले असते १४५/७० आर १२. रुंदी १४५ मिलिमीटर, तिच्या शेकडा ७० एवढी बाजूची उंची, आणि आत बारा इंचांचे रिम. दोन्ही बाजूंची उंची आणि मधला व्यास यांची बेरीज एक्कावन्न सेंटिमीटर होते. रिमसह एका चाकाचे वजन दहा किलो भरले, नुसत्या टायरचे पाच. अण्णांच्या गाडीची रिमे शाबूत आहेत. मग आपली कशाला पाठवा? मी पंक्चरवाल्याला पैसे देऊन रिमे उतरविली आणि चाळीस किलोंचे वीस किलो झाले म्हणून मनाशी संतोष मानला.

तो संतोष मालवाहतुकीच्या पेढीपर्यंतच टिकला. तेथील कारकुनाने वजनाकडे पाहिलेही नाही. त्याने फीत काढली, चार टायरांची उतरंड मोजली, बांधणीसह बावन्न गुणिले बावन्न गुणिले साठ. त्याचे झाले पावणेसहा घनफूट. त्या पेढीत घनफुटाला सात किलो धरतात. म्हणजे चाळीस किलो! रिमे काढली आहेत, वजन वीसच आहे, असे मी म्हणताच तो शांतपणे म्हणाला, "भाईसाहब, वज़न कम हुआ है, टायर थोड़े ही छोटा हुआ है."

विमानाने माल नेणाऱ्या कुरियरकडेही तीच कथा. तेथे घन सेंटिमीटरांना पाच हजारांनी भागतात. भागाकार साडेबत्तीसच्या आसपास आला, तो त्यांनी तेहतीस केला. किलोला एकशेदहा रुपये दर. छत्तीसशे तीस झाले. ट्रकच्या पेढीचे सहाशे भाडे, शंभर बिल्टीचे, ऐंशी हमाली आणि घरपोच देण्याचे चारशे, असे अकराशे ऐंशी. रेल्वे या सर्वांत उदार. तिचा भाजक अठ्ठावीस हजारांचा असल्याने टायरांचे आकारमान सहा किलोंच्या आतच राहते, आणि भाडे पडते ते खऱ्या वजनाचे. गोवा एक्सप्रेस निजामुद्दीनहून थेट मिरजेला जाते. पण टायर निजामुद्दीनला नेण्याचे रिक्षाभाडे, माझी अर्धा दिवस रजा, आणि मिरजेच्या पार्सल कचेरीत बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाचे ताटकळणे, यांचा दर कोणत्याही तक्त्यात नव्हता. मी ट्रक पत्करला.

घरी आल्यावर मी सौ.ला हा अन्याय ऐकविला. वीस किलोंच्या मालाला चाळीस किलोंचे भाडे, म्हणजे निम्मे पैसे टायरांमधल्या पोकळीचे! ती म्हणाली, "मग पोकळी मोकळी का पाठवता?" अकरा वर्षे बिले तपासणाऱ्या माझ्या डोक्यात हे आले नव्हते. रचलेल्या चार टायरांच्या पोटात बारा इंच व्यासाची आणि दोन फूट खोल अशी एक विहीरच तयार होते. तिच्यात चाळीस लिटर पाणी मावेल. आम्ही तिच्यात अण्णांच्या गुडघ्यांसाठी एक जयपुरी रजई घातली, आईसाठी लोकरी शाल, गजकाचे दोन डबे आणि धाकट्याने रंगविलेली चित्रे. रबराचा वास लागू नये म्हणून सारे दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधले. सहा किलोंची भर पडली. भाडे एका पैशानेही वाढले नाही. माल घरगुती, वापरलेला व विक्रीसाठी नसल्याच्या प्रतिज्ञापत्रावर मी रजईपासून चित्रांपर्यंत प्रत्येक जिन्नस नोंदविला, आणि अण्णांना देणे पडू नये म्हणून भाडे येथेच भरले.

नवव्या दिवशी अण्णांचा फोन आला. टायर मिळाले, आकडे तपासले, उद्या बसवून घेतो. मग म्हणाले, "गाठोडे वाण्याच्या काट्यावर घातले होते. सव्वीस किलो भरले. पावतीवर चाळीस आहेत. तू आक्षेप घेतला नाहीस?"

मी घनफुटांचे गणित सांगितले. त्यांनी ते मध्ये न बोलता ऐकून घेतले. "म्हणजे जागेचे घेतले. मग बरोबर आहे. जागा अडली की भाडे आलेच," ते म्हणाले, आणि फोन आईच्या हाती दिला.

आईने शालीचे कौतुक केले, चित्रे भिंतीवर लावल्याचे सांगितले. रजई अण्णा पांघरतात ना, असे मी विचारले. "छे! ती तुझ्या खोलीत ठेवायला सांगितली त्यांनी. म्हणाले, तो थंडीत आला तर लागेल."

माझी खोली म्हणजे विश्रामबागेतील आमच्या घराची रस्त्याकडची खोली. दहा बाय बारा, स्वतंत्र दार. आसपासच्या घरांतून अशा खोल्या कॉलेजच्या मुलांना दिलेल्या आहेत. अण्णांकडेही मुले विचारीत येतात, आणि बाजारातून आणलेल्या कोथिंबिरीचाही हिशेब लिहून ठेवणारे अण्णा त्यांना नाही म्हणतात. खोलीत माझी खाट आहे, पुस्तकांची ट्रंक आहे, बाकी पोकळी.

त्या रात्री सवयीने मी कागद घेतला. अकरा गुणिले बारा, एवढे मांडले. पुढे महिन्याचे भाडे लिहावयाचे होते. ते लिहिले नाही. कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर रजेच्या अर्जाचा मसुदा लिहावयास घेतला.