हसावं कुठं?

कोरपन्यात सिनेमाच्या रसास्वादाचे वर्ग घेणाऱ्या निवृत्त मास्तरांना आचार्य अत्र्यांनी कधी त्रास दिला नाही. 'ब्रह्मचारी'तला (१९३८) औदुंबर एक व्याख्यान ऐकतो, नट्यांची चित्रं फेकतो, ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि मग मास्टर विनायक त्याची यथेच्छ फजिती करतात. टोपी कुणाची उडतेय, हे शेवटच्या रांगेलाही कळतं.

अडतं ते सई परांजपे यांच्या 'कथा'पाशी (१९८३). शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' नाटकावरचा हा सिनेमा. चाळ, सरळमार्गी कारकून राजाराम आणि त्याच्याच खोलीत मुक्काम ठोकणारा थापाड्या बाशू. बाशूवर सगळेच हसतात. मास्तर हसतात राजारामावर. संध्यावर त्याचं मनापासून प्रेम, पण तोंडातून शब्द फुटत नाही, आणि या बुजरेपणाला चाळ सज्जनपणा म्हणते. उपहास आहे तो या समजुतीचा, असं मास्तरांचं ठाम मत. पण तिथं ना संगीत डोळा मिचकावतं, ना कॅमेरा. मग पटवायचं कसं? त्यांनी आवाज बंद करून प्रसंग दाखवले. राजाराम झालेल्या नसीरुद्दीन शाहचे खांदे बघा, म्हणाले. पोरं खांदे बघत बसली.

यंदा एक मुलगी शेवटपर्यंत हसलीच नाही. "सर, ससा तं जिंकला ना! त्याले कोनं काय केलं?" वडील सिमेंट कारखान्यात, साहेबाच्या मागंपुढं करून वर चढलेले बाशू तिनं लहानपणापासून पाहिलेले. तेव्हापासून मास्तर 'कुठं हसलात?' विचारत नाहीत. कोण सुटलं, ते विचारतात.

हल्लीच्या विनोदी सिनेमांवर त्यांचा राग आहे: प्रत्येक कोटीनंतर 'टुंई' वाजवून प्रेक्षकाला गुदगुल्या करतात म्हणे. उपहासाची व्याख्या फळ्यावर लिहून देणाऱ्या व्याख्यात्यांवर तर त्याहून जास्त. मात्र सगळे गप्प असताना एकट्यानं हसण्याची त्यांना स्वतःला चटक आहे. ते हसू पडद्यासाठी कमी, वळून बघणाऱ्यांसाठी जास्त, हे तेच सांगतात.

पुढं राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' (१९७०) लावायचाय, ज्यावरून बासू चटर्जींनी 'पिया का घर' (१९७२) केला. नवं जोडपं, भरलेलं घर, दोघांना बोलायला कोपरा नाही. यात उपहास किती आणि जागेची अडचण किती, यावर त्या मुलीशी आत्ताच वाद जुंपलाय. दोन खोल्यांत सहा माणसांसोबत राहून पाहिल्याशिवाय सरांनी बोलूच नये, असं तिचं म्हणणं.