पिवळ्या कंठाचा दाखला

आमच्या पाटणच्या घरी पाखरांच्या वाट्याचे धान्य घरखर्चाच्या वहीत रीतसर खर्ची पडत असे. वडील तेथल्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि कचेरीत ज्या काटेकोरपणे ते बारनिशीच्या नोंदी तपासत त्याच काटेकोरपणे घरी निवडून उरलेली कणी, सुपातून पाखडलेली बारीक बाजरी आणि जेवणापूर्वी आईने बाजूला काढलेली काकबळीची शिते यांचा हिशेब ठेवीत. कावळ्याचा वाटा पत्रावळीच्या तुकड्यावरून कौलांवर जाई. चिमण्या, साळुंक्या, होले यांचा वाटा तुळशीवृंदावनाच्या आड ठेवलेल्या एका मातीच्या परळात पडे. भाताच्या झोडणीच्या दिवसांत कुणी ओळखीचा शेतकरी लोंब्यांची जुडी आणून देई, ती ओसरीच्या तुळईला टांगली जाई. आणि मग दुपारभर तिच्यावर चिमण्यांचा जो कलकलाट चाले तो, एरवी वामकुक्षीच्या वेळी टाचणी पडलेली न खपणाऱ्या वडिलांना कसा खपे, याचे आम्हां मुलांना नवल वाटे.

याच परळावर एक निराळी चिमणी येते आणि तिच्या गळ्याला हळदीचे बोट लागल्यासारखा डाग आहे, ही वार्ता मी मराठी शाळेत असताना मोठ्या उत्साहाने वडिलांच्या कानी घातली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “दाखला काय? अरे, तोंडी जबानीवर फेरफार मंजूर होत नसतो.” मामांपाशी तेव्हा आग्फाचा ‘क्लिक थ्री’ नावाचा कॅमेरा होता. एका रोलवर बारा छायाचित्रे निघत, आणि त्या बारांची वाटणी मुंजी, बारसे आणि आजीचा एकटीचा फोटो अशी आधीच होऊन गेलेली असे; तरीही मामांनी त्यातले एक पाखरासाठी मंजूर केले, हे त्यांचे औदार्य. पण त्या यंत्राला दहा फुटांच्या अलीकडची वस्तू स्पष्ट दिसत नसे, आणि दहा फुटांपलीकडची चिमणी त्याच्या लेखी चिमणीच नसे. रोल धुऊन आला तेव्हा अंगण, वृंदावन, परळ हे सारे यथास्थित होते आणि परळाच्या काठावर एक करडा ठिपका होता. शिवाय चित्र कृष्णधवल, तेव्हा ज्या पिवळ्या रंगासाठी एवढा खटाटोप केला त्याला तेथे थाराच नव्हता. वडिलांनी भिंगातून तो ठिपका बराच वेळ न्याहाळला, फोटोच्या पाठीवर टाकाने ‘चिमणी. घरचे अंगण. शहानिशा बाकी.’ असा शेरा लिहिला आणि तो आपल्या दप्तरात बांधून ठेवला.

पुढे नोकरीत पडल्यावर एका वाचनालयात सलीम अलींचे 1941 साली प्रथम निघालेले भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक हाती आले, तेव्हा त्या पाखराचे नाव कळले: रानचिमणी, ग्रांथिक मराठीत पीतकंठी चिमणी. आणि गंमत अशी की, ज्या गृहस्थांनी तो ग्रंथ लिहिला त्यांचे सारे आयुष्यच या एका चिमणीने वळणाला लावले होते. मुंबईच्या खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या या पोरक्या मुलाने 1908 च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग पाहून तो बुचकळ्यात पडला, आणि मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी पाखरू तत्काळ ओळखले, एवढेच करून ते थांबले नाहीत. पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखविली आणि वाचायला पुस्तकेही दिली. साहेबाने त्या दिवशी मुलाला दारातूनच वाटेला लावले असते, तर या देशातील पक्षिशास्त्राची कैफियत काहीशी निराळी लिहावी लागली असती, असे मला पुष्कळदा वाटते.

याहूनही आधीची, सलीम अली नऊ-दहा वर्षांचे असतानाची, चेंबूरची त्यांची एक टिपणी आहे. तबेल्यातल्या एका खुंटीच्या भोकात चिमणीने घरटे केले होते, मादी आत अंड्यांवर आणि नर बाहेर पहाऱ्यावर. मुलाने नर टिपला की थोड्याच वेळात मादी दुसरा नर घेऊन येई आणि तोही इमानाने त्याच जागी पहारा करू लागे. आठवडाभरात असे आठ नर पडले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, हे खरे. पण त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो हातात घेऊन पाहायचा, आणि हातात घ्यायचा तर आधी मारायचा, असा सरकारमान्य शिरस्ताच होता. हीच टिपणी मोठेपणी त्यांनी प्रसिद्ध केली, त्यात काही झाकले नाही, आणि हा प्रामाणिकपणा मला त्यांच्या विद्वत्तेइतकाच मोलाचा वाटतो. पुढच्या काळात सिंगापूरचे धनिक ‘लोक वान थो’ यांच्यासारखे छायाचित्रकार त्यांच्या बरोबरीने हिंडले, घरट्यासमोर मचाण बांधून आणि पडद्याआड तासन्‌तास बसून पक्ष्यांची चित्रे घेऊ लागले. बंदुकीचे काम भिंगाकडे आले. माझ्या हयातीत सुधारणा या सदराखाली ज्या नाना गोष्टी आल्या आणि गेल्या, त्यांपैकी हिच्याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

परळ मात्र माझ्याबरोबर बदलीच्या प्रत्येक गावी फिरले. दादरच्या चाळीतल्या सज्जात त्याच्यावर केवळ कबुतरे आली आणि त्यांच्यामागून खालच्या बिऱ्हाडकरूंचे तगादे आले. तो मुक्काम वगळलेला बरा.

सेवानिवृत्तीनंतर साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी घर केले, आणि मागच्या बागेत कडुनिंबाच्या सावलीत दोन परळ मांडले: एक पाण्याचे, बोटभर खोल, पाखराला बुडण्याचे भय वाटणार नाही असे; दुसरे दाण्यांचे, बाजरी, राळे आणि कणी यांचे. येणारी मंडळी ठरलेली. चिमण्या, बुलबुल, साळुंक्या, होल्यांचे एक जोडपे, आणि कढीपत्त्याच्या झाडाखाली पाचोळा चिवडीत बसणारे सातभाई. ही सारी घरची माणसे झाल्यामुळे त्यांची छायाचित्रे काढण्याचे मनात येत नसे. मुलाने हौसेने घेऊन दिलेला लांब भिंगाचा कॅमेरा बहुधा कपाटात विश्रांती घेई.

चैत्रातली सकाळ होती. डोंगरउतारावरचे पाणवठे आटलेले, गवत वाळून पिवळे पडलेले. पाण्याच्या परळाच्या काठावर चिमण्यांच्या रांगेत एक पाखरू असे बसले होते की रांग त्याच्यापाशी येऊन किंचित फाकली होती. पाठीवर चिमणीच्या काळ्या-तपकिरी रेघा नाहीत. सारे अंग सपाट राखी-तपकिरी. पंखांवर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि खांद्यावर विटकरी तांबूस रंग. चोच चिमणीपेक्षा सडपातळ आणि विणीच्या हंगामात नराची होते तशी काळी कुळकुळीत. गळा मात्र दिसेना, कारण ते मान खाली घालून पाणी पीत होते. स्वयंपाकघरातून “अहो, चहा निवतोय” अशी हाक आली, तिला उत्तर देण्याचे मी टाळले आणि खिडकीच्या जाळीचे दार बोटाबोटाने सरकवले. पहिली काही चित्रे पाठीची निघाली, पुढची कडुनिंबाच्या हलत्या सावलीने खाल्ली. मग होल्यांपैकी एकाने अंगावर येण्याचा आव आणला. पाखराने मान ताणून वर पाहिले, आणि पांढऱ्या हनुवटीखाली तो पिवळा डाग क्षणभर स्वच्छ उन्हात आला. बोट त्या वेळी कळीवर होते.

हे चित्र सुंदर नाही. डोळा किंचित अस्पष्ट आहे, कडेला पाण्याची प्लॅस्टिकची नळी आली आहे, आणि होल्याची शेपटी मध्येच घुसली आहे. परंतु हनुवटी, कंठ, खांदा, पट्ट्या ही चारही लक्षणे त्यात एकत्र हजर आहेत, आणि पंचनाम्याला याहून अधिक काय लागते? संगणकावर ई-बर्डसारखी जी सार्वजनिक नोंदवही आहे तीत तारीख, वेळ, स्थळ यांच्यासोबत मी हेच चित्र जोडले. पाखरू अलीकडे मोहासारख्या फुलांतला मकरंद आणि झाडाच्या ढोलीतले घरटे सोडून माणसाच्या अंगणात क्वचितच येते. आले ते तहानेने आले असावे, हे माझे अनुमान. ते पुन्हा दिसले नाही, आणि ते दिसावे म्हणून मी काही केलेही नाही.

याबाबतीत माझे मत थोडे कडक आहे. मोबाइलवर नराची शीळ वाजवून पक्ष्याला पुढ्यात बोलवायचे, घरट्याभोवतीच्या फांद्या छाटून मागची पार्श्वभूमी साफ करायची, आणि मग निघालेल्या लखलखीत चित्राला पारितोषिक मिळवायचे, हा उद्योग मला छऱ्याच्या बंदुकीचाच सभ्य पुनरवतार वाटतो. दाणा-पाणी मांडणे हेही एका अर्थी आमिषच आहे, हे मी नाकारीत नाही. म्हणूनच मांडणाऱ्यावर त्याची जबाबदारी येते. ब्रिटनमध्ये 2005 नंतर बागांतल्या दाण्यापाण्यावर जमणाऱ्या ग्रीनफिंच पक्ष्यांत घशाचा एक संसर्ग पसरला आणि त्यांची संख्या झपाट्याने घटली. जेथे पुष्कळ चोची एका भांड्यात पडतात तेथे रोग एका घशातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही. तेव्हा वाचकहो, यंदाच्या उन्हाळ्यात परळ मांडाल तर कॅमेऱ्याचा विचार मागाहून करा. आधी ते परळ रोज काथ्याने घासा, पाणी रोज बदला, मांजराला दबा धरता येईल अशा झुडपापासून ते चार हात दूर ठेवा, आणि पावाचे तुकडे किंवा मिठाचा फरसाण त्यात टाकू नका.