चैत्रातला गारवा

गुढीपाडवा झाला की लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळच्या शिवारात रंग फारसा उरत नाही. हरभरा निघालेला असतो, ज्वारीची धसकटं तेवढी मागे राहिलेली असतात आणि नांगरून टाकलेल्या काळ्या रानात ढेकळं तापत पडलेली असतात. घरणी नदीचं पात्र आक्रसतं. बांधावरच्या लिंबाला नवी पालवी असते, तिच्याकडे बघितलं की डोळ्यांना जरा बरं वाटतं. दुपारी बारा ते चार या वेळेत रस्त्यावर माणूस दिसत नाही.

बालाघाटाच्या रांगांनी उचलून धरलेलं हे पठार समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच आहे. सह्याद्रीवर रिते होऊन आलेले पावसाळी ढग इथवर पोचतात तेव्हा त्यांच्याजवळ देण्यासारखं थोडंच असतं. त्यामुळे उन्हाळ्यात इथली हवा वाळवंटाच्या हवेसारखी कोरडी होते. या कोरडेपणाचं एक सुखही आहे. गोदाकाठी सखल भागात वसलेलं नांदेड रात्रीही तापलेलं असतं, तेव्हा इथे माळवदावर अंथरूण टाकलं की मध्यरात्रीनंतर वारं लागतं आणि पहाटे चादर ओढावीशी वाटते.

असे आठ-पंधरा दिवस गेले की एखाद्या दुपारी काहीतरी बिघडतं. वारा पडतो. घाम सुकत नाही. गुरं चारा सोडून माना वर करतात. निलंग्याच्या नाहीतर उदगीरच्या बाजूला ढगाचा एक बुरूज उभा राहतो. त्याचा माथा पांढराशुभ्र असतो आणि बूड काळपट निळं. ओट्यावरून कुणीतरी म्हणतं, "तात्या, आभाळ यायलंय बघा." तेवढ्यात धुळीचा लोट येतो, पत्रे वाजतात, दारं आपटतात आणि त्या धुळीमागून एकदम गार हवा अंगावर येते. काही मिनिटांत पारा आठ-दहा अंशांनी उतरतो. पावसाचा एक थेंबही पडलेला नसतो, तरी अंगावर काटा येतो.

हा गारवा कुठून येतो, हे समजलं की त्याची गोडी आणखी वाढते. ढगातून पाऊस सुटलेला असतो, पण खालची हवा इतकी कोरडी असते की पुष्कळ थेंब वाटेतच विरून जातात. माठातलं पाणी ज्या न्यायाने गार होतं, त्याच न्यायाने विरणारे थेंब हवेतली उष्णता शोषून घेतात. गार झालेली हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणून ढग अजून दूर असताना त्याचा गारवा आधी दारात येतो. हा ढग मुळात उभा राहतो त्यालाही कारण आहे. उत्तर भारतात हिवाळ्यात येतात तशा थंड लाटा एप्रिलमध्ये या पठारापर्यंत पोचत नाहीत. मात्र हिमालयाकडे सरकणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे उंचावरच्या थरांत गार, कोरडी हवा येते. त्याच दिवसांत मध्य भारतापासून दक्षिणेपर्यंत कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो आणि बंगालच्या उपसागरावरचं बाष्प खालच्या थरांतून आत ओढलं जातं. वर गार, खाली दमट आणि जमीन भाजलेली, असा तिहेरी मेळ जमला की चैत्रातलं आभाळ फुटतं.

या वेळी गावाचं मन दोन बाजूंना ओढलं जातं. अंग त्या गारव्याला हपापलेलं असतं. पोरं अंगणात हात पसरून उभी राहतात. तापाने फणफणलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात पहिल्यांदा डोळा लागतो. पण त्याच क्षणी घरातले कर्ते हात धावत सुटलेले असतात, कारण या दिवसांत वर्षाची कमाई उघड्यावर असते. कडब्याची गंज झाकायची असते. मळणी करून टाकलेल्या धान्याच्या राशीवर ताडपत्री ओढायची असते. चिंचा झोडपून फोडायला घेतलेल्या असतात. चिंचेला ओल लागली की ती काळी पडते आणि मोंढ्यात भाव उतरतो. माळवदावर कुरडया, पापड, शेवया वाळत असतात. पोरीच्या लग्नाचा मांडव दारात उभा असतो. वीटभट्टीवर कच्च्या विटांच्या रांगा लागलेल्या असतात आणि एका सरीत त्यांचा पुन्हा चिखल होतो. पाडव्याला नवं साल धरलेला सालगडी आखाड्यावरची जनावरं सोडून आडोशाला नेत असतो. गारव्याची झुळूक सगळ्यांनाच लागते, पण निवांतपणे ती अंगावर घ्यायला मोकळा असतो तो ज्याचं उघड्यावर काही नाही तोच.

गारपिटीचं भय तर जुनं आहे. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला गारांनी झोडपलं, त्यात लातूर जिल्हाही होता. कापणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी आणि मोहोरलेले आंबे एका तासात मातीला मिळाले. उन्हाळा जसा चढतो तसा गारांचा जोर सहसा कमी होतो, कारण पाणी गोठवणारा थर उंच सरकतो आणि खाली येईपर्यंत पुष्कळ गारा वितळून जातात. वैशाखात भीती उरते ती वावधानाची आणि विजेची. आभाळ भरून आलं की रानात एकटा असलेला माणूस आपसूक झाडाकडे धावतो आणि वीज नेमकी उंच झाडावर पडते. दर उन्हाळ्यात मराठवाड्यात माणसं आणि बैल असे जातात. पेरणीच्या तोंडावर बैल गेला की त्या घराचा खरीपही अर्धा जातो.

येणारं आभाळ आधी ओळखण्याची ओढ इथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचं, म्हैस आहे, मोर आहे की गाढव, आणि त्यावरून पावसाचा अदमास बांधायचा. लिंबोळी किती लगडली, टिटवीने अंडी कुठे घातली, हेही वडीलधारी माणसं बघत आली. बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून वर्षाचं भाकीत सांगतात. ते ऐकायला लांबलांबून शेतकरी जमतात. या सगळ्यामागची तगमग समजून घ्यायला हवी. ज्याचं सगळं आभाळाच्या भरवशावर आहे, तो आभाळाची खूण कुठेही शोधणार.

आज खुणा अधिक पक्क्या झाल्या आहेत. हवामान विभागाचे पिवळे आणि नारंगी इशारे मोबाइलवर येतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला निघतो. काढलेलं पीक सुरक्षित जागी ठेवा, फवारणी पुढे ढकला, जनावरं झाडाखाली बांधू नका, अशा त्यातल्या सूचना असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर सावध करतं. हे काम मोलाचं आहे आणि त्याने जीव वाचतात.

तरीही अंदाज आणि शिवार यांच्यामध्ये एक मोकळी जागा राहते. 'तुरळक ठिकाणी' पाऊस, असं हवामान विभाग म्हणतो तेव्हा जिल्ह्यातल्या फार तर पाव ठिकाणी तो अपेक्षित असतो. तो तालुक्यातल्या साकोळला पडेल की हिसामाबादला, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. गारा तर आणखी अरुंद पट्ट्यात पडतात. बांधाच्या अलीकडे पीक उभं आणि पलीकडे पार झोपलेलं, असंही होतं. पाऊस महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात मोजला जातो. गारेचा मार त्यात उमटत नाही. मग पंचनाम्याची वाट बघायची. ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालं असेल तरच मदतीला पात्र ठरायचं. ज्याचं ३० टक्के गेलं त्याचं दुःख कागदावर येतच नाही.

आणि समजा अंदाज अगदी अचूक आला, तरी पुढे काय? दुपारी चारला वादळ येणार हे सकाळीच कळलं, पण राशीवर टाकायला धड ताडपत्री नाही, दहा पोती ठेवायला कोरडी खोली नाही, रानात विजेपासून वाचवणारा पक्का निवारा नाही, तर त्या कळण्याने फक्त काळजी लवकर सुरू होते. आपण आभाळ वाचायला शिकलो, पण आभाळाखालची माणसं उघड्यावरच राहिली. मला यातलं खरं दुखणं हे वाटतं.

पावसाशी इथल्या माणसाचं नातं साधं नाही. दुष्काळामुळे १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या एप्रिलमध्ये एखादी अवकाळी सर आली असती तर तिला कुणी नावं ठेवली नसती. २०२५चा मे मात्र देशभरात १९०१पासूनचा सर्वांत ओला मे ठरला. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. मराठवाड्यात मे महिन्यातच रानं चिंब झाली आणि वाफसा येईना म्हणून पाळीची, मोगड्याची कामं अडली. जिथे नऊ वर्षांपूर्वी पाणी रुळांवरून आणावं लागलं, तिथे ऐन उन्हाळ्यात पाण्याने मशागत रोखली. अशा ठिकाणचा माणूस पावसाला शिव्या घालताना मध्येच थांबतो. विहिरीला दोन हात पाणी वाढेल, हा विचार त्याच्या मनात नुकसानीच्या हिशेबाशेजारीच येतो.

म्हणून चैत्रातल्या गारव्याला शत्रू ठरवून चालणार नाही. तो या पठाराचा जुना सोयरा आहे आणि तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळे पुढे तो अधिक दांडगाईने येण्याची शक्यता आहे. त्याला सामोरं जाण्याची तयारी फार मोठी नाही. गावोगाव पत्र्याचं छत असलेलं सामाईक खळं हवं, वादळाच्या आदल्या दिवशी माल आत घेणारं गावाजवळचं गोदाम हवं, शिवारात वीजरोधक बसवलेले निवारे हवेत आणि नुकसान शेतागणिक मोजणारी यंत्रणा हवी. सुपीक डोकी आणि राबणारे हात या तालुक्यात पुरेसे आहेत. कमी पडतो तो त्यांच्यावर होणारा खर्च. पहिली गार झुळूक आली की शेतकऱ्याने धावत सुटण्याऐवजी दोन घटका बांधावर उभं राहून ती अंगावर घ्यावी, एवढा निर्धास्तपणा त्याला मिळायला हवा. जो वर्षभर ऊन सोसतो, त्या माणसाचा गारव्यावर पहिला हक्क आहे.