रोजकीर्द फाडायची नसते

दुकानदाराच्या घरात वाढलेल्या मुलीला हे सांगावं लागत नाही, की व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो आणि मग सवडीने खतावणीत जातो. मध्येच दिवे गेले, खतावणी अर्धी राहिली, तरी रोजकीर्दीवरून हिशेब पुन्हा लागतो. संगणकावर माहितीचे साठे सांभाळणारी पोस्टग्रेस ही प्रणालीही अगदी असंच करते. तिची रोजकीर्द १६ एमबीच्या तुकड्यांत लिहिली जाते आणि गरज संपली की जुने तुकडे ती आपणहून काढते.

एका पतसंस्थेचे संगणक माझ्याकडे असतात. एका सोमवारी तिथलं काम अचानक ठप्प झालं. सर्व्हरची डिस्क काठोकाठ भरली होती, आणि भरली होती ती या रोजकीर्दीनेच! बाहेर मुलांच्या फीसाठी पैसे काढायला आलेल्या बायका ताटकळत होत्या.

"मॅडम, नुसते लॉगच आहेत ना? टाका पुसून!" व्यवस्थापक काकुळतीने म्हणाले.

खरी मेख इथेच आहे. नावातला 'लॉग' पाहून लोक ते फोल्डर केरासारखं झाडून टाकत आणि हिशेबच गमावून बसत. म्हणून तर २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत 'पीजी एक्सलॉग' हे त्याचं नाव बदलून 'पीजी वॉल' केलं गेलं.

मी रोजकीर्दीला हात लावला नाही. दुसऱ्याच काही जुन्या फाइली बाहेरच्या डिस्कवर हलवल्या, थोडी जागा केली आणि सर्व्हर सुरू केला. मग पाहिलं, हे सारं राखून ठेवलंय कोणासाठी? उत्तर मिळालं. नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर काही महिन्यांपूर्वी काढून नेला होता, पण त्याच्या नावाचा 'स्लॉट' तसाच राहिला होता. तो आज ना उद्या येऊन वाचेल, म्हणून बिचारी प्रणाली एकही पान टाकत नव्हती. तो स्लॉट काढला, चेकपॉइंट दिला आणि बघता बघता डिस्क मोकळी झाली. एका पैचाही हिशेब हरवला नाही.

अशी वाट किती पाहायची, याची मर्यादा २०२० च्या तेराव्या आवृत्तीपासून घालता येते. ती आपणच घालावी लागते, नाहीतर वाट पाहणं संपतच नाही.

मुलगी सासरी गेली की आपण रेशनकार्डावरचं तिचं नाव कमी करून घेतो. सर्व्हर काढून नेला की त्याचंही नाव त्याच दिवशी कमी करावं.