हिमशिखरावरचा हिशेब

क्लाइने शायडेग सोडल्यावर थोड्याच वेळात आगगाडी आयगर पर्वताच्या पोटात शिरते. 1896 साली बांधायला घेतलेला हा मार्ग 1912 मध्ये पुरा झाला. तो संपतो 3,454 मीटर उंचीवर, युंगफ्राउयोखला. युरोपात याहून उंच रेल्वे स्थानक नाही. डब्यात आपल्याकडची मंडळी भरपूर! विरळ हवेने धाप लागत होती, तरी चकल्यांचा डबा फिरत होताच.

लिफ्टने स्फिंक्सच्या गच्चीवर आलो. खाली आल्प्समधली सर्वांत लांब, सुमारे वीस किलोमीटरांची आलेच हिमनदी पसरली होती. सगळे फोटो काढण्यात दंग झाले. माझे लक्ष मात्र वरच्या चंदेरी घुमटाकडे गेले. येथे 1931 पासून संशोधन केंद्र आहे. 2008 मध्ये स्विस शास्त्रज्ञांनी हवेतला कार्बन पारखणारे लेसर यंत्र येथेच सुरू केले.

कार्बन मुख्यतः दोन प्रकारचा असतो, बारा भाराचा आणि तेरा भाराचा. दुसरा शंभरात जेमतेम एक. वनस्पतींना हलका अधिक मानवतो. कोळसा आणि पेट्रोल हे प्राचीन जीवांचेच अवशेष, म्हणून त्यांच्या धुरात जड कार्बन किंचित कमी असतो. पूर्वी हे पाहायला हवा कुप्यांत भरून खाली प्रयोगशाळेत न्यावी लागे. लेसरचे तसे नाही. प्रत्येक प्रकारचा रेणू अवरक्त प्रकाशातला आपापला रंग शोषतो. आरशांमध्ये किरण पुन्हा पुन्हा खेळवून किती प्रकाश गिळला गेला ते पाहिले, की जागच्या जागी हिशेब मिळतो. दरीतला वारा वर आला की जड कार्बनचे प्रमाण घसरते. जंगलाचा श्वासही तसाच असतो, म्हणून जोडीला कार्बन मोनॉक्साइड मोजून धूर ओळखतात.

"बाबा, आपल्या विमानाचा धूरही यात कळेल?" चिरंजीवांनी विचारले.

"आपल्या एकट्याचा नाही रे. सगळ्यांचा मिळून कळतो."

त्याने हिमनदीकडे पाहिले. दीडशे वर्षांत ती तीन किलोमीटरांहून अधिक मागे हटली आहे, हे मी त्याला मघाशीच सांगून बसलो होतो.

परतीच्या गाडीत तो गप्पच होता. मग म्हणाला, "पुढच्या सुटीत एस.टी.ने महाबळेश्वरला जाऊ या."

त्याच्या आईने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मीच त्याला पढवले होते!